टोपी मी फेकली नव्हती

आमच्या भाऊकीत माझ्याविषयी एक गोष्ट सांगितली जाते. माझ्या पश्चात सांगितली असती तर माझा इलाज नव्हता. परंतु ती मी जिवंत असताना, माझ्या देखत, माझ्याच पंगतीला बसून सांगितली जाते, आणि सांगणाऱ्याच्या घशात घास अडकत नाही. गोष्ट अशी : नाना सीए झाला, त्याच्या डोक्यात हवा गेली, पुतणीच्या सासरी जाऊन त्याने मानाची टोपी भिरकावली, एका सहीपायी पोरीचा संसार मोडायला निघाला, आणि एवढे करून स्वतः कमावले काय, तर सिडकोतले एक बैठे घर. या वाक्यातली सीए झालो ही बाब आणि सिडकोतले घर, एवढे खरे आहे. मधले सगळे बनावट आहे.

गेल्या हिवाळ्यात ही गोष्ट पुन्हा निघाली. चिकलठाण्याच्या पुढे, जालना रोडपासून आत, एकाला झाकावे आणि दुसऱ्याला काढावे अशा सारख्या घरांच्या रांगा उभ्या राहिल्या आहेत. त्यातल्या एका घराची वास्तुशांती होती. घर माझ्या पुतण्याचे, म्हणजे थोरल्या भावाच्या मुलाचे. भाऊ आता नाही. पुतण्याचे पिशोरला खता-बियाण्यांचे दुकान आहे. बापाचा आवाज त्याच्याकडे जसाच्या तसा आला आहे आणि बापाची ही गोष्टही. गच्चीवर मांडव घातला होता, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी असा बेत होता, आणि माझी नात इतर मुलींबरोबर पंगतीला वाढत होती.

आदल्याच आठवड्यात तिचा निकाल लागला होता. सीएच्या शेवटच्या परीक्षेचा एक ग्रुप, म्हणजे निम्म्या विषयांचा गट, तिने पूर्वीच पार केला होता. दुसरा पुन्हा राहिला. प्रत्येक विषयात ती उत्तीर्ण होती, केवळ एकूण बेरीज थोडक्यात कमी पडली. सगळ्या विषयांत पास झालेला माणूस नापास कसा ठरतो, हे ही परीक्षा ज्यांनी दिलेली नाही त्यांना सांगून पटत नाही. ते ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतात आणि मनात म्हणतात, लपवतेय.

पुतण्याने बट्टी कुस्करता कुस्करता विषय काढला.

"नाना, पोरीचं काय झालं मग?"

"ग्रुप राहिला."

"पुन्हा?" त्याने आजूबाजूला पाहिले, सगळे ऐकत आहेत याची खात्री केली आणि मग तुपाची वाटी पुढे ओढली. "आता बास करा म्हणतो मी. लई झालं. माझ्या मेव्हण्याच्या कारखान्यात, हितंच शेंद्र्याला, अकाउंटला जागा हाय. सोमवारी लागू द्या. आन् एक स्थळबी हाय डोळ्यासमोर, देवगाव रंगारीकडचं. मानसं चांगली हायेत."

माझा मुलगा त्याच्या शेजारीच बसला होता. तो बँकेत अधिकारी आहे, दिवसभर लोकांना नकार देत बसतो. पण चुलतभावासमोर त्याला नकार सुचत नाही. "मी पण तेच म्हणतोय, दादा," तो म्हणाला. "किती वर्षं घालवायची? हिच्या वर्गातल्या मुलींची लग्नं होऊन मुलं शाळेत निघाली."

"वसूल व्हायला पायजे ना कायतरी!" पुतण्याला आता जोर चढला. "नानालाच बघा की. आमच्या बापानं नांगर धरला, तवा नाना शिकला. सीए झाला. काय दिवे लावले? हितं नुसते टॅक्सचे कागद भरणारे, बीकॉमवाले, त्यांचे तीन-तीन मजले झाले."

"नानाची सही लई महाग," पलीकडून कोणीतरी म्हणाले. "भाऊकीला परवडत नाय."

पंगत हसली. माझा मुलगाही हसला. आणि मग, अपेक्षेप्रमाणे, टोपी निघाली.

आता एकेका मुद्द्याचा समाचार घेतो.

पहिला मुद्दा नांगराचा. माझ्या शिक्षणासाठी थोरल्या भावाने शाळा सोडली, असे आज जो तो म्हणतो. भावाने शाळा सोडली तेव्हा मी पाटीवर रेघोट्या ओढत होतो. गणिताच्या मास्तरांनी त्याला उन्हात उभे केले, त्याने मास्तरांच्या सायकलीची हवा सोडली, आणि तो जो शाळेतून निघाला तो परत गेला नाही. त्याला शेती आवडत होती आणि ती तो उत्तम करत होता. त्याचा मोठेपणा तेवढा पुरेसा आहे. त्यावर त्यागाची कलाकुसर करण्याचे कारण नाही. मी तेव्हाच्या औरंगाबादेत जुन्या मोंढ्यामागे एका खोलीत राहून आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, केली. दिवसभर साहेबांच्या ऑफिसात व्हाउचर तपासायची, संध्याकाळी पुस्तक उघडायचे. आणि सुगी आली की गावी जाऊन कणसे खुडायची. मोंढ्यातून गावी जाणाऱ्या बसच्या टपावर पुस्तकांची पिशवी बांधलेली मी स्वतः पाहिली आहे, कारण ती मीच बांधली होती. भावाने मला ज्वारीचे पोते पाठवले ते मी खाल्ले, आणि त्याचे नाव आजवर कधी लपवलेले नाही. मात्र परीक्षेला मी बसलो. नापास मी झालो, आणि एकदा नव्हे. त्या काळी सोपे होते असे म्हणणाऱ्या विद्वानांनी तेव्हाचा निकालाचा दिवस पाहावा : फलकासमोर उभी असलेली मुले एकमेकांकडे न बघता पांगायची आणि त्यातली काही पुन्हा त्या फलकाकडे कधी फिरकायची नाहीत.

दुसरा मुद्दा वसुलीचा. वसूल हा शब्द सिनेमाच्या तिकिटाला लावावा. ही परीक्षा तीन मजल्यांसाठी देणाऱ्याने देऊ नये, हे मी कोणालाही पहिल्याच भेटीत सांगत आलो आहे. स्टेशन रोडवर क्लासवाल्यांचे जे फलक लागतात, हसऱ्या मुलांच्या फोटोंचे, पहिल्याच प्रयत्नात म्हणून मिरवणारे, ते पाहिले की माझे रक्त तापते. ज्या मुलांचे फोटो लागत नाहीत त्यांच्या आईबापांनी शुल्क भरलेले नसते काय? ही परीक्षा माणसाची उमेदीची वर्षे घेते, पाठ वाकवते, डोळे घेते, सणवार घेते, आणि बदल्यात काहीही देण्याचे वचन देत नाही. हे मी नाकारत नाही. सोपी वाट आहे असे सांगणारा खोटारडा, आणि मोल नाही असे सांगणारा अडाणी. दोघांशीही मी भांडायला तयार आहे, आणि भांडलो आहे.

तिसरा मुद्दा टोपीचा. तो नीट सांगावा लागेल.

माझी पुतणी, म्हणजे या पुतण्याची थोरली बहीण, आमच्याच तालुक्यातल्या एका गावात दिली होती. तिच्या सासऱ्यांचा जिनिंगचा कारखाना होता. कापसातून सरकी वेगळी करायची आणि रुईच्या गाठी बांधायच्या. त्यांना बँकेकडून कर्ज हवे होते. गोदामात इतक्या गाठी आहेत असे त्यांनी बँकेला सांगितले होते आणि बँकेला त्यावर सीएची सही हवी होती. त्यांचे नेहमीचे सीए आजारी पडले. तेव्हा माझ्या भावाने व्याह्यांना शब्द दिला, "घरचा सीए असताना काळजी कशाची?" मला विचारले नाही. मला निरोप आला तो थेट दिवस ठरवून. नात्यातले काम मी घेत नसे. तसे मी भावाला स्पष्ट सांगितले. तो म्हणाला, "काम कुठं हाय? नुसती सही तर हाय." त्याच्या त्या वाक्याने मला संताप आला आणि त्या संतापातच मी जायला होकार दिला. म्हटले, नुसती सही कशी असते ते एकदा दाखवून देऊ.

आमच्याकडे सोयरा दारात आला की त्याला टॉवेल-टोपी देतात, टिळा लावतात, नारळ हातात ठेवतात. त्यात गैर काही नाही; मीही लोकांना दिले आहे. परंतु त्या आहेराचा एक न बोललेला अर्थ असतो. ज्याने टोपी घातली तो त्या घराचा पाहुणा झाला, आणि पाहुणा घरच्या कोठीत डोकावत नाही. तो ओसरीत बसतो, जेवतो, पान खातो, आणि पुढे केलेल्या कागदावर मान हलवतो. व्याही कारखान्याच्या फाटकात ताट घेऊन उभे होते. मागे मटणाचा वास येत होता. भाऊ त्यांच्या बाजूला, नवे धोतर नेसून. व्याह्यांनी माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, आणि ती तशीच राहू दिली तर मी गोदामात पाय टाकू शकणार नाही, हे मला त्या क्षणी समजले.

मी टोपी काढली. दोन्ही हातांनी काढली. फाटकाशी राखणदाराची लाकडी खुर्ची होती, तिच्यावर टॉवेलाची घडी ठेवली, घडीवर टोपी ठेवली आणि म्हणालो, "पाव्हणे, हा मान मी जेवायच्या वेळी घेईन. आत्ता मी ऑडिटर म्हणून आलोय. आधी गोदाम."

हे फेकणे आहे? फेकलेली टोपी मातीत पडते. ही घडीवर होती.

गोदामात गाठींची भिंत उभी होती, जमिनीपासून पत्र्याच्या हातभर खालपर्यंत. व्याही म्हणाले, मागे अशाच रांगा आहेत, पार भिंतीला भिडल्यात, आत जायला वाट नाही. मी शिडी मागितली. शिडी नव्हती. कारखान्यात शिडी नाही, हे ऐकून मी फाटकाबाहेर जाऊन विजेच्या खांबावर काम करणाऱ्या माणसाची मागून आणली. भाऊ खालून ओरडत होता, "अरे, पडशील! काय पोरखेळ लावलाय!" मी वर चढलो आणि गाठींच्या पलीकडे पाहिले. पलीकडे रांगा नव्हत्या. मोकळी जमीन होती, मागच्या भिंतीला एक दार होते, एक बाज होती, बाजेवर कुणाची वाळत घातलेली गोधडी होती, आणि खुंटीला बांधलेली एक शेळी मान वर करून माझ्याकडे पाहत होती.

मी खाली उतरलो, शिडी परत केली, आणि सही केली नाही. जेवण मला कोणी वाढले नाही. ती टोपी माझ्या माघारी उचलली गेली असणार. कोणी उचलली, हे मला ठाऊक नव्हते.

त्यानंतर सासरच्यांनी माझ्या पुतणीला माहेरी धाडले. ज्या घरच्या सीए चुलत्याला एक सही करता येत नाही, अशा घरची सून त्यांना नको होती. ती बरेच महिने माझ्याकडे, सिडकोत राहिली, भावाकडे नव्हे. कारण भावाने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणे टाकले आणि मुलीलाही दारात उभे केले नाही. हे भाऊकीच्या गोष्टीत कधीच येत नाही. पुढे कर्जाचे त्यांनी दुसरीकडून जमवले, आणि एके दिवशी तिचा नवरा येऊन तिला घेऊन गेला. संसार मोडला नाही. तिची मुले मोठी झाली, तिला सून आली. तरीही पंगतीत अजून म्हटले जाते की नानाने पोरीचा संसार मोडला.

हे सगळे मी त्या दिवशी पंगतीत बोललो. आवाज चढवून बोललो, उठून उभा राहून बोललो, आणि खरकट्या हाताने पुतण्याकडे बोट दाखवून बोललो. त्याला म्हणालो, "तुला नाक तरी पुसता येत होतं का रे तेव्हा? तू तिथं होतास? मग टोपी उडताना कुणी पाहिली?"

"बापानं पाहिली," तो म्हणाला. "माझा बाप खोटं बोलत नव्हता."

तेव्हा मांडवाच्या कडेला, बायकांच्या पंगतीतून, त्याची थोरली बहीण बोलली. तीच, जिचा संसार मी मोडल्याचे सांगतात. ती सहसा बोलत नाही.

"टोपी फेकली नव्हती. ठेवली व्हती. म्या फाटकात पाण्याचा तांब्या घेऊन उभी व्हते. नंतर म्याच उचलली ती."

इतक्या वर्षांनी मला साक्षीदार मिळाला होता. मी पुतण्याकडे पाहिले, मुलाकडे पाहिले. माझे म्हणणे संपले होते, पण तिचे नव्हते.

"फेकली काय आन् ठेवली काय," ती म्हणाली, "मला काय फरक पडला, नाना? तुम्ही टोपीवरून भांडता, ह्यो टोपीवरून भांडतो. बापानं शब्द देताना मला इचारलं नाय, तुम्ही शिडी लावताना मला इचारलं नाय. म्या तिथंच उभी व्हते की."

ती पुन्हा जेवू लागली. मला त्याचे उत्तर देता आले असते. ऑडिटरने घरच्या सुनेला विचारून गोदाम तपासायचे नसते, हे उत्तर आजही बरोबर आहे आणि मी ते मागे घेत नाही. शेळी बांधलेल्या गोदामावर सही करणे हा तिच्यावरचा उपकार ठरला नसता. कर्ज बुडाले असते तर तिच्याच घरावर जप्ती आली असती. पण ते तिला तिथे ऐकवावेसे मला वाटले नाही. मी हात धुवायला उठलो.

उठताना पाहिले, माझी नात बट्ट्यांची परात घेऊन खांबाशी उभी होती. तिच्या नोकरीचे, स्थळाचे, परीक्षेचे सगळे ठरत होते, आणि सगळ्यांना वाढून झाल्यामुळे तिला तिथे काही काम उरले नव्हते.

परतताना गाडीत मुलगा म्हणाला, "सोमवारी जाऊन बघून तर येऊ. कारखाना चांगला आहे." मी म्हणालो, "ती कुठेही जाणार नाही. ती परीक्षा देणार आहे." मुलगा म्हणाला, "आबा, तुम्ही तुमची हौस तिच्यावर काढू नका." मी म्हणालो, "आणि तू तुझा भित्रेपणा तिच्यावर काढू नकोस." चिकलठाण्यापासून सिडकोपर्यंत आम्ही असेच बोलत आलो. ती मागच्या सीटवर खिडकीला डोके टेकून बसली होती. घर आले, गाडी थांबली, तेव्हा ती बोलली.

"झालं दोघांचं?"

मुलाने किल्ली फिरवून गाडी बंद केली.

"बाबा, मी शेंद्र्याला जाणार नाही. आबा, तुम्ही लगेच खूश होऊ नका. तुमची बाजू खरी करायला मी परीक्षा देत नाहीये."

"मग कशाला देतेस?" मुलाने विचारले. तो चिडलेला नव्हता. त्याला खरोखरच समजत नव्हते.

तिने सांगितले ते मी इथे जसेच्या तसे देतो, कारण उद्या त्याचीही कोणी गोष्ट बनवील. आर्टिकलशिपमध्ये तिला चिकलठाण्याच्याच एका कारखान्यात स्टॉक तपासायला पाठवले होते. तिथल्या मॅनेजरने तिच्यासाठी एसीच्या केबिनमध्ये खुर्ची लावली, थंड मागवले आणि म्हणाला, मॅडम, उन्हात कशाला जाता, आमचा माणूस मोजून आकडा सांगेल. ती थंड न पिता उठली आणि आवारात गेली. लोखंडी पिंपांच्या थप्प्यांमधून दुपारभर फिरली, पिंपांवर हाताने ठोकून भरलेले कोणते आणि रिकामे कोणते ते ऐकत. सगळे बरोबर निघाले. एकही पिंप कमी नव्हते.

"काहीच चूक नव्हती तिथं," ती म्हणाली. "कुणाची फजिती नाही, भांडण नाही. तरी मला ते लई आवडलं. मॅनेजर नंतर स्वतः माझ्यासोबत उन्हात फिरला. मला ते काम करायचंय, सही माझी असताना करायचंय. आज दुसऱ्याच्या सहीसाठी करते. एवढंच आहे. आणि या वेळी नाही झालं तर पुढं काय ते मी बघेन. तुम्ही दोघांनी मध्ये यायचं नाही."

एवढ्या वर्षांत ही परीक्षा कशासाठी द्यावी यावर मी अनेकांशी भांडलो, पण इतके थोडक्यात मला कधी मांडता आले नव्हते. हे मी तिला सांगितले नाही. मी विचारले, "अभ्यासाला माझी मदत हवी का?"

"हवी," ती म्हणाली. "सकाळी ऑडिटचे प्रश्न विचारा. कायदे बदललेत, तुम्हालाही वाचावं लागेल." आणि गाडीचे दार उघडताना म्हणाली, "पण एक अट आहे, आबा. निकाल लागेपर्यंत टोपीचं नाव काढायचं नाही. शेळीचंही नाही. ना माझ्यासमोर, ना पाहुण्यांसमोर. मला ती गोष्ट डोक्यात घेऊन पेपरला बसायचं नाही."

ही अट अन्यायाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. साक्षीदार मिळाल्यानंतर लगेच वादीचे तोंड बंद करायचे, हा कुठला न्याय? पण मी ती मान्य केली. तेव्हापासून रोज सकाळी आम्ही चहा घेऊन ओट्यावर बसतो. मी प्रश्न विचारतो, ती उत्तर देते, चुकले तर मी रागावतो, आणि माझे चुकले तर ती नवे पुस्तक उघडून माझ्यासमोर ठेवते. तिच्या पुस्तकात मालाच्या प्रत्यक्ष तपासणीचा धडा आला, तेव्हा मी दोन्ही ओठ घट्ट मिटून बसलो होतो. ती माझ्याकडे बघून हसली आणि पान उलटले.

पुतण्याचा परवा फोन आला. स्थळाचे काय करायचे म्हणून विचारत होता आणि बोलता बोलता म्हणाला, "तायडी काय बी म्हणू द्या नाना, बाप म्हणायचा ते खोटं नसतंय. टोपी तुम्ही फेकलीच असणार." नात समोर बसली होती. मला फोन ठेवावा लागला.

तिने मला बोलण्याची बंदी केली आहे. लिहिण्याविषयी ती काही म्हणालेली नाही. म्हणून लिहिले. टोपी मी घडीवर ठेवली होती.